एका दमातला ‘ये’

“आत्या, आज भाता जरा जास्त चालव हं,” मुकुंदा माझ्या कानाशी वाकून म्हणाला आणि उपरणं सावरत नारदाच्या गादीवर जाऊन उभा राहिला.

मी पेटीमागून मान हलवली. आंबेकोंडच्या गोपाळकृष्णाचा सभामंडप भरून गेला होता. माघातल्या उत्सवाचा पहिला दिवस. उन्हं अजून खाडीवर होती, आणि समया लागल्या तरी त्यांचा उजेड जाणवत नव्हता. मुकुंदा म्हणजे माझा धाकटा भाऊ विष्णुबुवा आठल्ये, त्याचा मुलगा. विष्णू गेला आणि देवापुढची ही जागा, जिला आम्ही नारदाची गादी म्हणतो, ती मुकुंदाकडे आली. वय तिशीच्या आतलं. आवाज बापासारखा खणखणीत, आणि गोष्ट सांगण्यात बापाच्याही दोन पावलं पुढे. मी विष्णूच्या कीर्तनाला पेटी धरत होते, तशीच याच्याही. तबल्यावर यशवंतदादा गुरव, तेही विष्णूच्याच वेळचे.

नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. माणसं हळूहळू माना डोलवायला लागली. कीर्तनात ही वेळ मला फार आवडते. घरचे ताप, शेजारणीशी झालेलं भांडण, दुखरे गुडघे, सगळं चपलांबरोबर बाहेर राहिलेलं असतं. मुकुंदाने पद उचललं, आवाज वर नेला, आणि वर गेलेला आवाज मधेच संपला. फाटला नाही, बेसूर झाला नाही. नुसता संपला, तळाशी पोचलेल्या तांब्यातल्या पाण्यासारखा.

मी भाता दाबला आणि त्याचा उरलेला सूर पेटीवर पुरा केला. त्याच क्षणी यशवंतदादांनी असा काही तुकडा टाकला, की पुरुषांच्या बाजूने “वाहवा!” आली. लोकांना वाटलं, साथीदार रंगात आलेत. मुकुंदाने तेवढ्यात श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली.

मध्यंतरात पुजाऱ्याने त्याच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. पाणी प्यायच्या निमित्ताने तो खांबाआड गेला आणि क्षणात परत आला. तो शेजारून गेला तेव्हा मला लोणी कढवल्याचा वास आला. गोडसर, दाट. मला वाटलं, मुदपाकखान्यात उद्याच्या प्रसादाची तयारी चालली असेल.

उत्तररंगात त्याने हसवलं, रडवलं. आरतीला म्हाताऱ्या बायकांनी त्याच्या पायांवर डोकी ठेवली. मी मात्र मनात शेवटच्या दिवसाचा विचार करत होते. काल्याचा.

त्या देवळात काल्याची एक रीत होती. शेवटच्या दिवशी सकाळी बुवाने कृष्णाच्या लहानपणीचं आख्यान लावायचं आणि शेवटी आमच्या वडिलांनी रचलेलं पद म्हणायचं:

शिंकं उंच, हात थिटे,
ये गोविंदा, ये ना इथे.

त्यातल्या पहिल्याच ‘ये’वर बुवाने सूर धरायचा. सूर लागला की गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभा असलेला काठीचा मानकरी चालायला लागतो. मंडपाच्या मधोमध टांगलेल्या दह्यालोण्याच्या हंडीपर्यंत जातो आणि ती फोडतो. हंडी फुटेपर्यंत बुवाचा ‘ये’ तुटता कामा नये. तुटला तर हाकेला निघालेला देव अर्ध्या वाटेतून परत गेला, असं गाव मानायचं. वडिलांचा कधी तुटला नाही. विष्णूचा तर हंडी फुटल्यावरही चालूच राहायचा, लोक हसत टाळ्या वाजवायचे.

काठीचा मान खोतांच्या नानांचा. नाना ऐंशीच्या पुढे गेलेले. दरवर्षी त्यांची चाल हळू होत चालली होती, आणि आमच्या मुकुंदाचा दम आखूड.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळामागच्या तळीवर तांब्या विसळत होते. पुन्हा तोच लोण्याचा वास. मुदपाकखान्याच्या दाराशी जाऊन मी आचारणीला विचारलं, “माई, तूप कढवताय का?”

“कसलं तूप, सिंधूताई? दूधच अजून यायचंय.”

मग मी वासामागे गेले. देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून मुकुंदा उभा होता. हातात बोटाएवढी चकचकीत नळी. त्याने ती ओठांना लावली, तिच्या टोकाला निळा दिवा लागला, आणि नाकातून ढग बाहेर पडला.

“मुकुंदा! विडी ओढतोस?”

“शी! विडी काय आत्या! विष्णुबुवांचा मुलगा मी, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. ही वाफ आहे. नुसती वाफ.”

“नळीतून?”

“आजोबा ओव्याचा वाफारा घ्यायचे की नाही? बाबा गवती चहाचा? तसंच हे. आता गावोगाव पातेलं आणि चादर घेऊन कुठे हिंडू? पुण्याला आमची ध्वनिफीत केली ना, तिथल्या साउंडवाल्याने दिली. म्हणाला, गाणारे वापरतात, घसा ओला राहतो. हे बघ, डबीवर लिहिलंय. निकोटीन शून्य. तंबाखूचं नावसुद्धा नाही.”

मी डबी हातात घेतली. पिवळ्या कागदावर लोण्याच्या गोळ्याचं चित्र.

“तंबाखू नाही, मग आहे तरी काय?”

“ग्लिसरीन असतं कसलंसं आणि वास. लोण्याचा.” तो हसला. “काल्याचा बुवा मी. दुसरा कसला वास घेऊ?”

“पण हा वास येतो कशाने?”

“खायचाच असतो गं! बिस्किटांत, केकमध्ये घालतात तोच. पोरंटोरं खातात. त्याने काय होणार?”

खायच्या वस्तूने काय होणार, हे मलाही पटण्यासारखंच वाटलं. आम्ही गाणारी माणसं. घशासाठी वाफ घेणं म्हणजे आमच्यात दात घासण्याइतकं साधं.

“कधीपासून घेतोस?”

“झाली दोनेक वर्षं. हल्ली छाती जरा जड वाटते ना, म्हणून जास्त घेतो. त्यानेच तर निभावतंय.” नळी खिशात टाकून तो देवळाच्या पायऱ्या चढायला लागला. चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबला आणि वाकून धोतराचा काठ नीट केला. काठ नीटच होता. दोन पायऱ्या चढून त्याने तो पुन्हा नीट केला.

मी खाली तांब्या घेऊन उभीच राहिले.

“ताई,” मागून यशवंतदादांचा आवाज आला. ते तळीवर पाय धुवायला आले होते. त्यांनीही ते पाहिलं होतं. “बुवाचा दम कुठं चाललाय?”

“तुम्हालाही जाणवलं?”

“हाताला जाणवतं ना. समेवर येईस्तोवर दमतो, तर मीच लय चढवत नाय. गेल्या काल्याच्या आधीच्या दिवाळीपासून असंच. मुद्दाम बोललो नाय, तुम्हांला वाईट वाटंल म्हणून.”

“दादा, मी त्याच्याही आधीच्या दसऱ्यापासून त्याचे सूर भरतेय.”

बुवा अडखळला तर लोकांना कळू द्यायचं नाही, ही आमची शिकवण. विष्णूनेच मला ती दिली होती. आणि दोघंही एकमेकांना न सांगता तेच करत होतो.

यशवंतदादांनी पाय पुसले. पंचा खांद्यावर टाकला. म्हणाले, “ताई, लोकांचं सोडा. ह्याला स्वतःला तरी ऐकू येतंय का? तो गातो अर्धं आणि ऐकतो पुरं. आपण ऐकूच देत नाय त्याला.”

*

त्या दुपारी मंडप रिकामा होता. काल्याच्या पदाची तालीम घ्यायची म्हणून मी दोघांना बसवलं.

“‘ये’पासून धर,” मी म्हटलं.

मुकुंदाने डोळे मिटले. सूर लावला. सुंदर लागला, खरंच सांगते, विष्णूची आठवण यावी असा. मी पेटीवर खालचा सा धरला होता. थोडा पुढे गेला आणि मी भात्यावरून हात काढला. पेटीतली हवा संपली. दादांनी तबल्यावर तळवा ठेवला.

मंडपात एकटा मुकुंदाचा आवाज राहिला. तो चालला, चालला, थरथरला आणि तुटला. पाठोपाठ छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि खोकला. कोरडा खोकला, थांबेचना.

“पेटी का सोडलीस?” खोकला आवरत तो ओरडला.

“तुला ऐकू यावं म्हणून.”

“तालमीत ही थट्टा सुचते तुला? तीन दिवसांवर काला आलाय!”

“पुन्हा धर.”

“आत्या!”

“धर म्हणते ना. गादीवर नाहीस आत्ता, माझा भाचा आहेस. धर.”

त्याने पुन्हा धरला. आधीच्याहून लवकर तुटला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. उंबऱ्याकडे बघितलं, मग टांगलेल्या रिकाम्या शिंक्याकडे. नानांची चाल तो मनात मोजत असावा.

“मग गेल्या वर्षी कसा पोचला?” त्याने हळू विचारलं.

यशवंतदादा तबल्याच्या वाद्या चाचपत म्हणाले, “बुवा, गेल्या वर्षी मधे मी हे मोठं तबल्याचं गडगडणं केलं होतं. आठवतंय? तुम्ही रागावलात पण, एवढं काय बडवता म्हणून.”

मुकुंदाचा रागाने लाल झालेला चेहरा उतरत गेला. मग लहानपणी परीक्षेचे गुण सांगायचा त्या आवाजात म्हणाला, “आत्या, मला आडवं पडलं की घाबरं होतं गं. उशीला टेकून बसून झोपतो. कुणाला सांगितलं नाही.”

“उद्या सकाळच्या गाडीने रत्नागिरीला जायचं. छातीच्या डॉक्टरांकडे.”

“उत्सव सोडून? काला झाला की जाऊ.”

“उद्याच. संध्याकाळच्या कीर्तनापर्यंत परत येऊ.”

“आणि मी डॉक्टरांकडे नाही आलो तर?”

“तर मी काल्याला पेटी उघडणार नाही.”

“तू?” त्याला हसूच आलं. “ताप अंगात असताना पेटी धरणारी तू?”

मी पेटीचं झाकण लावलं, खिट्टी बसवली आणि किल्ली कनवटीला खोचली. यशवंतदादांनीही तबल्यावर गवसणी चढवली, मी काही न सांगता.

“दादा, तुम्हीसुद्धा?”

“मी ताईंच्या मागं,” दादा म्हणाले.

*

डॉक्टर शमीम परकार चाळिशीच्या असाव्यात. दवाखाना लहान, बाहेर बाकड्यावर खोकणारी माणसं. त्यांनी मुकुंदाला एका नळीत फुंकायला सांगितलं. नाक चिमट्याने बंद, पोटभर श्वास घ्यायचा आणि जोरात सोडायचा.

“फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!” त्या म्हणत होत्या आणि मुकुंदाच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. पडद्यावरची रेघ वर चढली आणि लगेच पडली. एके काळी स्वतः शंख फुंकून जो कीर्तन सुरू करायचा, तो माझा भाचा. मी पदर तोंडाशी धरला.

औषधाची वाफ देऊन पुन्हा फुंकायला लावलं. रेघ तशीच. मग शेजारच्या केंद्रात छातीचा स्कॅन झाला, श्वास आत घेऊन एकदा आणि सोडून एकदा. दुपारी डॉक्टरांनी तो उजेडावर धरला.

“बुवा, सिगारेट?”

“नाही.”

“घरात चूल? कारखान्यात काम? रंग, रसायनं?”

“काही नाही. कीर्तन करतो.”

“काही हुंगता, ओढता?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोपराने ढोसलं. त्याने खिशातून नळी आणि पिवळी डबी काढून टेबलावर ठेवली. “नुसती वाफ आहे, डॉक्टर. तंबाखू नाही.”

डॉक्टरांनी डबी फिरवून वाचली.

“तंबाखू नाही हे खरं असेल. पण हा लोण्याचा वास कशाचा, ते कुठे लिहिलंय?”

“खायचाच असतो ना तो?” हे मीच विचारलं.

“खायचाच. पोटात गेला तर पोट त्याला पचवेल. फुप्फुसाला पचवता येत नाही, आजी. तिथे केसाएवढ्या बारीक नळ्या असतात. हा वास देणारी काही रसायनं तापून रोज तिथवर गेली तर त्या नळ्यांना आतून जखमा होऊ शकतात. जखम भरते, पण व्रण राहतो, आणि व्रणाने नळी अरुंद होते. यांच्या छातीत हवा जाते, पण बाहेर यायला वाट नाही. बघा, श्वास सोडल्यावरही इथे हवा अडकलीय.”

“या डबीनेच झालं?” मुकुंदाने विचारलं.

“तसं पक्कं लिहून मी देणार नाही. या डबीत काय आहे ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. दुसरीही कारणं असतात, त्यांच्या चाचण्या आपण करू. पण परदेशात मक्याच्या लाह्यांना लोण्याचा वास लावण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांना अगदी असाच आजार झाला होता. तेही ते खात नव्हते. त्या वाफेत नुसते उभे होते.”

“लाह्या आणि लोणी,” मुकुंदा म्हणाला. “म्हणजे काल्याचेच जिन्नस की हो, डॉक्टर.” त्याने हसायचा प्रयत्न केला. ओठ वाकडे झाले.

“बरा होईन ना?”

डॉक्टर त्याच्याकडे सरळ बघून बोलल्या. मला त्या बाईंबद्दल आजही त्यासाठी आदर आहे. “जेवढं गेलं तेवढं बहुधा परत येणार नाही. आज ही नळी सुटली तर उरलेलं वाचण्याची चांगली आशा आहे. औषध देते, नियमाने घ्यायचं. आणखी वर्षभर हेच चाललं असतं तर आपण कीर्तनाबद्दल बोलत बसलो नसतो, घरी ऑक्सिजनची टाकी कुठे ठेवायची ते बोलत असतो.”

“परवाच्या दिवशी माझं काल्याचं कीर्तन आहे.”

“करा. बोला, गा, बेताने. दम लागला की थांबायचं. दम कोंडून सूर ताणायचा नाही. ताणलात आणि चक्कर आली तर मला बोलावू नका, मी रागावेन.”

त्याने टेबलावरच्या नळीकडे हात नेला. सवयीनेच. हात मधेच थांबला.

“तुमच्याकडेच ठेवा,” तो म्हणाला.

*

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. हातखंब्याचा चढ लागला तेव्हा म्हणाला, “आत्या, परवा ‘ये’ तू धर. मी सुरुवात करून देतो, मग पेटी वाढव. दादांना सांग, गडगडणं करा. एवढा काला पार पाडू. मग वर्ष आहे आपल्याकडे.”

“नाही.”

“तू डॉक्टरांकडे चल म्हणालीस, मी आलो. नळी सोडली. आता तुझी पाळी.”

“पेटी वाजवेन. तुझा सूर असेल तोवर. तो संपला की माझाही हात थांबेल.”

“भर मंडपात?”

“भर मंडपात.”

“बाबांच्या गादीवर माझी फजिती करणार तू? देव परत गेला म्हणतील लोक!”

त्या गादीसाठी मी लग्न केलं नव्हतं, असं गाव म्हणायचं; ते अगदीच खोटं नव्हतं. पण मला पायरीवर धोतराचा काठ नीट करणारा तो दिसत होता. “मुकुंदा,” मी म्हटलं, “या वर्षी झाकलं तर पुढच्या वर्षी आणखी झाकावं लागेल. आणि तू पुन्हा कुठली तरी नळी शोधशील. मी झाकणार नाही.”

तो संगमेश्वरच्या बाजूच्या डोंगरांकडे तोंड फिरवून बसला. उतरताना मात्र माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि चढावर दम लागला तेव्हा धोतराशी चाळा न करता नुसता थांबला. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी त्याने बसक्या आवाजात, बेताबेताने कीर्तन निभावलं.

*

काल्याच्या सकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. केळीचे खांब, झेंडूची तोरणं, आणि मधोमध शिंक्यात हंडी. खाली परातीत पोहे, लाह्या, लोणचं, हंडीतलं दही पडायची वाट बघत. मुकुंदाने आख्यान लावलं. त्या दिवशी त्याने ताना घेतल्या नाहीत. गोष्टच इतकी जीव लावून सांगितली, की यशोदेने उखळाला बांधलं तेव्हा पुढच्या बायका खरंच हळहळल्या. मधे श्वासासाठी तो थांबायचा. दोन वेळा मागे कुजबुज झाली.

मग तो हात जोडून उभा राहिला.

“श्रोतेहो, आता आजोबांचं पद. पण त्याआधी एक सांगायचंय. गादीवरून खोटं बोलू नये, आणि लपवणं म्हणजेही खोटंच. माझी छाती बिघडली आहे. घशाला बरी म्हणून मी एक सुगंधी वाफ ओढत होतो. लोण्याच्या वासाची. तंबाखू नाही, म्हणून निर्धास्त होतो. डॉक्टर म्हणतात, बहुधा तिनेच घात केला. तुमच्या घरात कुणाच्या खिशात तसली नळी असेल, तर आज काल्याचा प्रसाद घेऊन गेल्यावर तिच्याकडे एकदा बघा. आणि माझा ‘ये’ आज हंडीपर्यंत पोचला नाही, तर तो दोष देवाला लावू नका.”

तिसऱ्या खांबाशी टेकलेल्या, मुंबईहून उत्सवाला आलेल्या दोन-तीन तरुणांनी एकमेकांकडे बघून नजर खाली घातली, ते मला दिसलं.

नाना खोत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभे होते. हातात रेशमी गोंडा बांधलेली काठी, डोक्यावर जरीची टोपी. मुकुंदाने डोळे मिटले.

शिंकं उंच, हात थिटे...

आणि ‘ये’ लागला.

नाना निघाले. एक पाऊल, काठी, दुसरं पाऊल. मी खालचा सा धरला होता, दादा नुसता ठेका देत होते. नाना पहिल्या खांबाशी पोचले. दुसऱ्या खांबाशी. मुकुंदाचा सूर थरथरला. त्याची बोटं उपरण्याच्या काठात रुतली. ताणायचा नाही, मी मनात म्हणत होते, ताणू नकोस रे बाळा. नाना मंडपाच्या ऐन मध्यावर होते, हंडी अजून चार पावलं पुढे.

सूर तुटला.

भात्यावर माझा हात होता. एक दाब दिला असता तर पुरलं असतं. कुणालाही कळलं नसतं. मी हात उचलला. दादांचा ठेका थांबला.

इतकी शांतता त्या देवळात मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत मुकुंदाच्या छातीतली बारीक शिट्टी साऱ्यांना ऐकू येत होती. बायकांतून कुणी तरी “अगं बाई, देव...” म्हटलं आणि तोंड दाबलं.

नाना जागच्या जागी उभे होते. काठीवर दोन्ही हात. या माणसाने मुकुंदाला उघडानागडा खाडीत डुंबताना पाहिलेलं. रस्त्यात भेटला की “काय रे मुकुंद्या” म्हणून हाक मारायचे. पण गादीवर उभा असलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी एकेरी बोलत नाही.

“बुवा,” नाना म्हणाले, “श्वास घ्या. मी थांबलोय.”

मुकुंदाने डोळे उघडले.

“मला तरी कुठं एका दमात चालवतंय?” नाना म्हणाले, आणि मंडपात हसू फुटलं, ओलं हसू. “सावकाश घ्या. आणि देव परत जातोय म्हणे! मी म्हातारा थांबू शकतो, तर तो का नाही थांबणार?”

मुकुंदाने श्वास घेतला. पुरता, शांत, घाई न करता. सगळा मंडप त्याच्याबरोबर छाती भरून घेत होता असं वाटलं. मग त्याने ‘ये’ पुन्हा धरला. मी भात्याला हात घातला. नाना चालू लागले. अजून एकदा सूर तुटला, अजून एकदा नाना थांबले, आणि मग काठी वर गेली. हंडी फुटली. दही नानांच्या टोपीवर, परातीतल्या लाह्यांवर, पुढच्या रांगेतल्या साऱ्यांवर उडालं. “गोविंदा!” म्हणून जो गजर झाला, तो विष्णूच्या वेळीही झाला नव्हता.

*

याला आता बरीच वर्षं झाली. मुकुंदाची छाती तिथेच थांबली आहे, जिथे परकार डॉक्टरांनी पाहिली होती. सुधारली नाही, बिघडली नाही. पायऱ्या थांबत थांबत चढतो, औषध चुकवत नाही, आणि तानांच्या जागी आता असं बोलतो, की लोक लांबून ऐकायला येतात. नळीला त्याने पुन्हा हात लावला नाही. यशवंतदादांच्या जागी त्यांचा पुतण्या बसतो. नाना गेले. काठीचा मान त्यांच्या नातीकडे आला, अनुष्काकडे. ती कॉलेजात शिकवते, चालते झपाझप.

यंदा काल्याला मुंबईचे कुणी अभ्यासक आले होते. पेटी लावत होते मी, तेव्हा ते पुजाऱ्याला विचारत होते, “बुवांचा सूर थांबला की मानकऱ्यानेही थांबायचं, ही रीत फार वेगळी आहे. किती जुनी असेल?”

“पूर्वापार,” पुजारी म्हणाला. तो नवा आहे.

मी पेटीचा भाता मोकळा केला. मुकुंदाने ‘ये’ लावला. अनुष्का उंबऱ्यावरून निघाली, दुसऱ्या खांबापाशी आली आणि सूर सरला. तिची तरणी पावलं जागच्या जागी थांबली. सगळं देऊळ थांबलं. मी भात्यावरचा हात उचलला आणि साऱ्यांबरोबर मुकुंदाच्या श्वासाची वाट बघत बसले.